मेंटेनर कोण, मालक कोण?

नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सबॅस्टियन या कॅनेडियन यूट्यूबरने एक व्हिडिओ टाकला. तेव्हा त्याच्या चॅनेलचे सबस्क्रायबर एक कोटीच्या पुढे गेले होते. तो आणि त्याचा सहकारी ल्यूक यांनी आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवरून विंडोज हटवून लिनक्स वापरायची पैज लावली होती. ल्यूकने घेतलं लिनक्स मिंट, लायनसने पॉप ओएस. दोन्हींची ख्याती एकच, की नवख्या माणसालाही सहज जमेल असं हे लिनक्स.

लायनसला फक्त स्टीम इन्स्टॉल करायचं होतं, म्हणजे गेम विकत घेण्या-खेळण्याचं दुकान. चित्रांवर क्लिक करायच्या ॲपमधून ते होईना, एरर येई. मग लोक सांगतात तसं त्याने टर्मिनल उघडलं आणि कमांड दिली. पडद्यावर यादी आली, त्याखाली इशारा आला की सिस्टिमसाठी अत्यावश्यक अशी पॅकेजेस काढली जाणार आहेत, आपण काय करतोय हे नेमकं ठाऊक असल्याशिवाय हे करू नका. आणि तरीही पुढे जायचं असेल तर एक अख्खं वाक्य टाइप करा: 'यस, डू ॲज आय से!' मी सांगतोय तसं कर.

त्याने टाइप केलं. कॉम्प्युटरने सांगितल्याप्रमाणे केलं, आणि डेस्कटॉप निघून गेला. उरला तो काळा पडदा.

त्यानंतर इंटरनेटवर जे व्हायचं ते झालं. निम्मे लोक म्हणाले, वाचता येत नाही का? उरलेले निम्मे म्हणाले, गेमचं दुकान मागितल्यावर घराच्या भिंती पाडायचा पर्याय देतंच कोण? मी दुसऱ्या गटात आहे. काही दिवसांतच पॉप ओएस बनवणाऱ्या सिस्टिम७६ कंपनीने आपल्याकडे बदल केला, आणि ज्या प्रोग्रॅमने तो प्रश्न विचारला होता त्या एपीटीच्या मूळ लेखकांनीही केला. आता अत्यावश्यक पॅकेज काढणं हा एखाद्या पेचावरचा तोडगा म्हणून एपीटी स्वतःहून सुचवतच नाही. आपणहून काढायला गेलात तर सरळ नकार देतं. काढायचंच असेल तर त्यासाठी वेगळा, चांगला लांबलचक पर्याय कमांडमध्ये लिहावा लागतो.

पण ते वाक्य तिथे होतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो, पॅकेजेसची भांडणं सोडवणं हा माझ्या रोजच्या कामाचा कंटाळवाणा भाग आहे. त्यामुळे या भांडणांना एक इतिहास आहे आणि तो बराचसा 'माणसाला काय विचारायचं आणि काय नाही' याचा इतिहास आहे, हे लक्षात यायला मलाही वेळ लागला.

* * *

आधी भांडण म्हणजे काय ते बघू. आपल्या फोनवर हे दिसत नाही. प्ले स्टोअरमधलं प्रत्येक ॲप आपला बहुतेक शिधा सोबत घेऊन येतं आणि आपल्या खोलीत राहतं. दोन ॲप्सना एकाच लायब्ररीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर दोघं आपापली घेऊन येतात, जागा गेली तरी चालेल.

लिनक्स घडलं तेव्हा जागा फार महाग होती. म्हणून तिथे एकत्र कुटुंबाची पद्धत पडली. स्वयंपाकघर एक, पाणी एक, सगळे वापरणार. पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम आणि फोटो दाखवणारा प्रोग्रॅम फॉन्ट काढायला एकच लायब्ररी वापरतात. फायदा मोठा आहे. त्या लायब्ररीत सुरक्षेचं भगदाड सापडलं तर एका जागी बुजवलं की सगळ्यांचं बुजतं. तोटाही तोच. एकाला ती लायब्ररी नवी हवी आणि दुसऱ्याला जुनीच हवी असेल तर एकाने घर सोडायचं.

१९९३ साली पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉकने हे कुटुंब नीट चालवायचं ठरवलं. त्या वेळी एसएलएस नावाचं एक लिनक्स लोकप्रिय होतं आणि चुकांनी भरलेलं होतं. वैतागून मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ रोजी स्वतःच्या लिनक्सची घोषणा केली. मैत्रिणीचं नाव डेब्रा, स्वतःचं इयन, म्हणून डेबियन. आजचं उबुंटू, मिंट, पॉप ओएस, इतकंच काय आपल्या सी-डॅकने बनवलेलं 'बॉस' हे सगळे डेबियनचे वंशज. आणि डेबियनची मोठी कल्पना ही होती की प्रत्येक पॅकेजला एक नेमलेला माणूस असावा. तो मेंटेनर. मूळ प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा, तो या कुटुंबात नीट बसवणारा वेगळा.

मेंटेनर पॅकेजसोबत एक छोटी चिठ्ठी लिहितो. मला कोणाची गरज आहे, कोण असेल तर बरं, मी कोणाची जागा घेतो. आणि चक्क 'कॉन्फ्लिक्ट्स' नावाची एक ओळ, की अमुक घरात असेल तर मी राहणार नाही. ही ओळ मला फार आवडते. भांडण ही काही अचानक उद्भवलेली बिघाडाची गोष्ट नाही, ते आधीच कागदावर लिहून ठेवलेलं असतं.

या चिठ्ठ्या वाचून पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम म्हणजे डीपीकेजी. तो मर्डॉकच्या साध्या स्क्रिप्टपासून सुरू झाला आणि इयन जॅक्सनने सी भाषेत नव्याने लिहिला. डीपीकेजी प्रामाणिक होता पण मदत करणारा नव्हता. अमुक पॅकेज बसव म्हटलं की तो म्हणायचा, याला तमुक लागतं, ते नाहीये. तुम्ही तमुक शोधून आणायचं. मग तो म्हणायचा, तमुकला ढमुक लागतं. तेव्हाच्या लिनक्सवाल्यांनी याला 'डिपेंडन्सी हेल' म्हटलं. सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी दुसरा दाखला लागतो आणि दुसऱ्यासाठी पहिला, त्यातला प्रकार.

या नरकातून सुटका केली एपीटीने. तयार होत असताना त्याचं नाव 'डीइटी' होतं, म्हणजे दैवत, पण ते बदललं. जेसन गन्थॉर्प हा त्याचा प्रमुख लेखक, आणि ९ मार्च १९९९ ला आलेल्या डेबियन २.१ सोबत ते लोकांच्या हाती पडलं. आता तुम्ही फक्त हवं ते सांगायचं. लागणारं सगळं इंटरनेटवरच्या कोठारातून एपीटी शोधणार, उतरवणार, योग्य क्रमाने बसवणार. आज फोनवर 'इन्स्टॉल' दाबणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण प्ले स्टोअरच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मात्र आता शोधायचं काम माणसाकडून यंत्राकडे गेलं, आणि यंत्राला कळलं की काम अवघड आहे. लग्नाच्या पंगतीचा विचार करा. धाकटे काका येणार असतील तर आत्या येणार नाहीत. आत्या नाहीत तर आजी जेवणार नाही. आजीच्या शेजारी दोन्हींपैकी एक तरी सून हवी, पण थोरलीला धाकट्या काकांसमोर बसायचं नाही. पाच-दहा माणसांचं जमतं. तीस हजार पॅकेजेसची पंगत बसवायची म्हणजे? युरोपात एडॉस नावाच्या संशोधन प्रकल्पात रोबेर्तो दि कॉस्मो आणि सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास दाखवून दिलं, की एखादं पॅकेज बसू शकेल का हा प्रश्न गणिताच्या भाषेत एनपी-कम्प्लीट आहे. म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल अशी युक्ती कुणाला माहीत नाही, बहुधा नसेलही. व्यवहारात बहुतेक वेळा निभावतं, कारण मेंटेनर मंडळी चिठ्ठ्या विचार करून लिहितात. नाही निभावलं की एपीटी ठोकताळ्याने एक तोडगा काढतं आणि विचारतं, चालेल का?

लायनसला विचारलेला प्रश्न यातलाच. स्टीमला ३२-बिट लायब्ररी लागत होत्या. पॉप ओएसने एका पॅकेजची आपली नवी आवृत्ती ६४-बिटसाठी काढली, पण तिचं ३२-बिट भावंड कोठारात पोचलंच नाही. दोन भावंडांच्या आवृत्त्या जुळल्याच पाहिजेत ही अट. एपीटीने हिशेब केला, स्टीम बसवायचं तर डेस्कटॉप काढावा लागेल. हिशेब बिनचूक होता.

* * *

नवख्यांची गोष्ट सुरू होते २००४ मध्ये. दक्षिण आफ्रिकेचा मार्क शटलवर्थ आपली कंपनी विकून श्रीमंत झाला होता, २००२ मध्ये स्वखर्चाने अंतराळात जाऊन आला होता. त्याने डेबियन पायाला घेऊन उबुंटू काढलं. पहिली आवृत्ती २० ऑक्टोबर २००४. मागेल त्याला पोस्टाने सीडी फुकट. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्या काळी शिकलेल्यांच्या कपाटात अजून एखादी तपकिरी पाकिटातली सीडी सापडेल. माझ्या वाट्याला ती आली नाही, योजना २०११ मध्येच बंद झाली.

उबुंटूने दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती द्यायचं ठरवलं आणि जून २००६ मध्ये पहिली दीर्घ मुदतीची आवृत्ती आणली, ६.०६. ही स्थिर, हिच्यावर विसंबा. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पडदा रंगवणाऱ्या एक्स सर्व्हरचं एक अपडेट गेलं, ज्यामुळे असंख्य लोकांचा डेस्कटॉपच सुरू होईना. कॉम्प्युटर चालू केला की फक्त अक्षरं. दुरुस्ती लवकर आली, माफीही मागितली गेली. पण ज्याला टर्मिनल म्हणजे काय हे माहीत नाही आणि ज्याचा ब्राउझरच उघडत नाही, तो ती दुरुस्ती उतरवणार कशी? सुरक्षेसाठी अपडेट करा असं ऐकलेल्या माणसाला अपडेटनेच घराबाहेर काढलं.

योगायोगाने त्याच महिन्याच्या अखेरीस आयर्लंडमध्ये राहणाऱ्या क्लेमाँ लेफेब्र या फ्रेंच माणसाने लिनक्स मिंटची पहिली आवृत्ती सोडली. 'एडा' तिचं नाव. मिंटच्या आवृत्त्यांना अजूनही 'आ'कारान्त बायकांची नावं असतात. मिंट उबुंटूवर उभं, उबुंटू डेबियनवर. म्हणजे मिंटच्या कॉम्प्युटरवर येणारी बहुतेक पॅकेजेस मिंटने बनवलेलीच नसतात. मग घरात काय येऊ द्यायचं हे ठरवायचं कुणी?

मिंटचं उत्तर २००७ च्या शेवटी आलं, ४.० आवृत्तीसोबत. त्यांनी आपला अपडेट मॅनेजर बनवला आणि प्रत्येक अपडेटला एक ते पाच असा आकडा दिला. एक म्हणजे आम्ही स्वतः तपासलेलं. दोन, तीन म्हणजे सुरक्षित. चार म्हणजे बिघाड होऊ शकतो. पाच म्हणजे धोक्याचं. कर्नल, एक्स सर्व्हर असल्या पायाभूत गोष्टी चार-पाचमध्ये, आणि सुरुवातीला ती अपडेट्स निवडलेलीच नसत. नवख्याने 'इन्स्टॉल' दाबलं तर पहिली तीनच येणार.

यातली माया समजून घ्या. घरातली मोठी बहीण सांगते तसं, हे खा, ते राहू दे. पण पाचव्या पातळीत टाकलेल्या कर्नलच्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही असत. त्या राहू दे म्हटलं तर दार उघडंच राहिलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीतल्या एका अभियंत्याने जाहीरपणे म्हटलं की अशा सिस्टिमवर मी नेट बँकिंग करणार नाही. त्याच्या काही तपशिलांवर वाद झाला, लेफेब्रने उत्तर दिलं की पातळ्या वापरणाऱ्याला बदलता येतात. खरं आहे. पण पातळ्या बनवल्याच होत्या त्या माणसासाठी, जो कधीच काही बदलत नाही.

२०१६ च्या मिंट १८ मध्ये तर अपडेट मॅनेजर पहिल्यांदा उघडल्यावर धोरणच विचारू लागला. तीन पर्याय होते. त्यातला नवख्यांसाठीचा होता, 'माझा कॉम्प्युटर बिघडवू नका!' उद्गारचिन्हासकट. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलो होतो, पण इतका प्रामाणिक पर्याय मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेला नाही. नवख्याला खरंच एवढंच म्हणायचं असतं. मात्र ते म्हणून झाल्यावर त्याला सुरक्षेची कोणती दुरुस्ती मिळणार नाही, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं.

* * *

इथे थोडं आडवळण. माझ्या मामांचं कराडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म भरून देणं हा आता मुख्य धंदा. दोन जुने कॉम्प्युटर, दोन्हींवर मी मिंट टाकून दिलेलं, आणि एकावरच्या फाइल दुसऱ्यावरून उघडाव्यात म्हणून साम्बा नावाचा प्रोग्रॅम लावून त्याची सेटिंगची फाइल दुकानाच्या सोयीने बदललेली. एका परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, दुकानात पोरांची रांग, आणि मामांचा फोन.

"अरे, हे काहीतरी विचारतंय आणि पुढंच जाईना."

फोटो मागवला. साम्बाचं अपडेट मध्येच थांबून विचारत होतं, की सेटिंगची फाइल तुमच्याकडे बदललेली दिसते, मेंटेनरचीही नवी आली आहे. मेंटेनरची बसवू, का तुमची आहे ती ठेवू? इंग्रजीत, अर्थातच. मी समजावून सांगितलं.

मामा म्हणाले, "हा मेंटेनर कोण?"

"डेबियनचा, नाहीतर उबुंटूचा. स्वयंसेवक असतो बऱ्याचदा. तुम्ही नाही ओळखत त्याला."

"त्याला आपलं दुकान माहितेय का?"

"नाही मामा."

"मग त्याचं कशाला बसवायचं? आपलं ठेव म्हणून सांग त्याला."

मामांनी न शिकता जे उत्तर दिलं, तेच डीपीकेजीच्या लेखकांनी नव्वदच्या दशकात ठरवून ठेवलं होतं. ही गोष्ट तपशिलात बघण्यासारखी आहे. सेटिंगच्या फाइलसाठी डीपीकेजी तीन गोष्टी ताडून बघतो. मेंटेनरने मागच्या वेळी दिलेली फाइल, आत्ता डिस्कवर असलेली, आणि मेंटेनरची नवी. तुम्ही हात लावला नसेल तर नवी गुपचूप बसते. तुम्ही बदललीय पण मेंटेनरने काही बदललेलं नाही, तर तुमची गुपचूप राहते. दोघांनीही बदलली असेल तरच प्रश्न येतो, आणि नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते. साम्बासारखी काही पॅकेजेस हाच प्रश्न वेगळ्या साधनातून विचारतात, पण तिथेही न बदललेलं उत्तर तेच. ज्याला दुकान माहीत नाही त्याने दुकानदाराला ओलांडायचं नाही.

प्रश्न उत्तम, उत्तर उत्तम. तरीही पाऊण तास दुकान अडलं होतं, कारण प्रश्न कुणाला विचारला जातोय याचा विचार कुणी केला नव्हता. डेबियनचा प्रश्न विद्यापीठात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसासाठी लिहिलेला. तोच प्रश्न उबुंटूतून, मिंटमधून वारसाहक्काने झेरॉक्सच्या दुकानात पोचला.

त्या पाऊण तासात मामांनी आणखी एक गोष्ट करायचा प्रयत्न केला होता, खिडकी बाजूला सारून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायचा. तिथे निरोप आला की कुलूप लागलेलं आहे, दुसरा प्रोग्रॅम वापरतोय. पॅकेजेसची नोंदवही एकच, एका वेळी एकानेच लिहायचं, म्हणून डीपीकेजी एक लॉक फाइल धरून ठेवतो. या निरोपावर इंटरनेटवर मिळणारा सर्वांत लाडका सल्ला म्हणजे ती फाइल उडवून टाका. कुलूप दिसलं की तोडा. आत खरंच कुणी लिहीत असेल तर दोघं एकाच वहीत लिहायला लागतात आणि मग खरा घोळ होतो. बहुतेक वेळा नुसतं थांबायचं असतं. उबुंटू १६.०४ पासून सुरक्षेची अपडेट्स पाठीमागे आपोआप बसायला लागली, त्यामुळे कॉम्प्युटर सुरू केल्या केल्या काही मिनिटं हे कुलूप दिसणं अगदी नेहमीचं झालं. ज्याने काहीच सुरू केलेलं नाही त्याला 'दुसरं कुणीतरी वापरतंय' असा निरोप! घाबरणार नाही तर काय.

आणि वीज गेली तर? लोडशेडिंगच्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. डीपीकेजी पॅकेज आधी उलगडून ठेवतो, मग जुळवणी करतो, आणि कोणतं पॅकेज कुठल्या टप्प्यावर आहे हे वहीत लिहीत जातो. 'अर्धं बसलेलं', 'उलगडलेलं', 'अर्धं जुळवलेलं' अशा खऱ्या अवस्था त्यात आहेत. दिवे आल्यावर एक कमांड दिली की तो वही उघडून राहिलेलं काम बहुतेक वेळा तिथून पुढे नेतो. तीन दशकांपूर्वीचा हा आराखडा महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यासाठीच केलाय असं वाटावं इतका चपखल आहे.

* * *

२०१८ मध्ये मिंटने आपली दिशा बदलली. मिंट १९ मध्ये टोनी जॉर्ज याने लिहिलेलं टाइमशिफ्ट मध्यभागी आलं. अपडेटच्या आधी सिस्टिमचा फोटो काढून ठेवायचा, बिघडलं तर त्या दिवसावर परत जायचं. तुमचे कागदपत्र, फोटो त्याच्या हिशेबात मुद्दामच धरलेले नसतात, ते होते तिथेच राहतात. पातळ्यांचं महत्त्व गेलं, पुढे त्या काढूनच टाकल्या. कुठलं अपडेट धोक्याचं हे आधीच सांगायचा नाद सोडला. सगळं बसवा, बिघडलं तर मागे या. दहा वर्षं नवख्याला जोखमीचे आकडे दाखवल्यावर त्यांना कळलं की त्याला आकडे नको होते, परतीचं तिकीट हवं होतं. माझ्या मते मिंटने घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय.

उबुंटूने दुसरी वाट धरली. तिथे बरीच अपडेट्स टप्प्याटप्प्याने जातात, आधी थोड्या कॉम्प्युटरांना, बिघाडाच्या तक्रारी वाढल्या नाहीत तर पुढच्यांना. ज्याची पाळी आलेली नाही त्याला सुरुवातीला टर्मिनलमध्ये 'ही पॅकेजेस रोखून धरली आहेत' एवढंच दिसायचं. आणि तो बिचारा ती जबरदस्तीने बसवायच्या मागे लागायचा, कारण पूर्वी याच वाक्याचा अर्थ 'काहीतरी अडलंय' असा होता.

मग आलं २०२० चं भांडण, आणि हे पॅकेजेसचं नव्हतं, माणसांचं होतं. उबुंटूने २०.०४ आवृत्तीत क्रोमियम ब्राउझरचं नेहमीचं पॅकेज रिकामं करून टाकलं. ते बसवलं की मागून स्नॅप नावाची व्यवस्था बसायची आणि ब्राउझर कॅनॉनिकलच्या स्वतःच्या दुकानातून यायचा. स्नॅप म्हणजे फोनच्या ॲपसारखं, आपला शिधा सोबत घेऊन येणारं, म्हणजे भांडणं कमी. तांत्रिक बाजू बिनबुडाची नाही. पण लोकांनी मागितलं एक आणि आलं दुसरं, तेही एकाच कंपनीच्या हातातल्या दुकानातून. मिंटला हे मान्य नव्हतं. मिंट २० मध्ये त्यांनी एपीटीच्या पसंतीच्या यादीत दोन-तीन ओळींची एक फाइल टाकली, जिच्यात स्नॅपला प्राधान्य दिलंय उणे दहा. एपीटीमध्ये उणे आकडा म्हणजे हे कधीच बसवू नकोस. दोन संस्थांमधलं धोरणाचं भांडण एवढ्याशा फाइलमध्ये मावलं. ज्याला स्नॅप हवंच असेल त्याने ती फाइल हटवावी, हेही मिंटने लिहून ठेवलं. आणि नंतर क्रोमियमचं पॅकेज स्वतः बनवायला घेतलं, म्हणजे भांडणाची किंमतही उचलली.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, लेफेब्रने वापरणाऱ्यांना उद्देशून जरा कडक शब्दांत लिहिलं: कॉम्प्युटर अपडेट करा. मिंट वापरणाऱ्यांवर नजर ठेवत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे नेमके आकडे नव्हते, अंदाज होते. ब्राउझरची नवी आवृत्ती आठवड्याभरात घेणारे एक तृतीयांशही नव्हते. आणि ५ ते ३० टक्के लोक अजून मिंट १७ च्या आवृत्त्यांवर होते, ज्यांना एप्रिल २०१९ पासून सुरक्षेची दुरुस्तीच मिळत नव्हती. पाच ते तीस हा केवढा रुंद अंदाज! पण नजर न ठेवायचं ठरवलं की एवढंच हाती लागतं.

चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत 'माझा कॉम्प्युटर बिघडवू नका' हा पर्याय देणाऱ्या प्रकल्पाला आता लोक अपडेटच करत नाहीत याची चिंता. मला यात विरोधाभास वाटत नाही, सरळ कार्यकारणभाव वाटतो. अपडेट म्हणजे जोखीम हे इतकी वर्षं आकड्यांनिशी सांगितलं, लोकांनी ऐकलं.

तेव्हा अनेकांना वाटलं की मिंटही आता विंडोज १० सारखं करणार, सक्तीने अपडेट बसवून काम चालू असताना कॉम्प्युटर बंद-चालू करणार. वाद पेटला. पुढच्या महिन्यात लेफेब्रने स्पष्ट केलं की आठवण करून देऊ, काही बाबतीत आग्रहही धरू, पण कॉम्प्युटर तुमचा आहे, आमचा नाही.

मग तो आग्रह कसा धरायचा ते त्यांनी जुलै २०२१ च्या मिंट २०.२ मध्ये बसवलं. एखादं अपडेट पंधरा दिवसांहून जुनं झालं की एक सूचना येते. किंवा ते येऊन सात दिवस उलटले की येते, मात्र हे सात दिवस कॅलेंडरचे नाहीत. ज्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर उघडून बसला होतात, तेवढेच दिवस त्यात मोजतात.